'स्वराज्यरक्षक संभाजी' बघून पुरंदर ते वढू एका दिवसात: सगळे विचारतात ते प्रश्न

सिरियल २०२० च्या फेब्रुवारीत संपली, मग लॉकडाऊनमधे आईने ती पहिल्यापासून परत बघितली आणि सगळं उघडल्यावर पहिलं वाक्य काय तर "मला आता पुरंदर आणि वढूला ने". नेलं. नंतर मावशीला नेलं, मग ऑफिसातल्या ग्रुपला, मग भाचरांना. आता कोणी ना कोणी आठवड्याला मेसेज करून तेच तेच विचारतं म्हणून एकदाच सगळं इथे टाइप करून ठेवतेय. मी टूर कंपनी नाही, गाईड नाही, इतिहास संशोधक तर अजिबातच नाही, फक्त रस्ता आणि वेळेचं गणित पाठ झालंय.

ही ट्रिप म्हणजे नक्की काय?

शंभूराजांचा जन्म पुरंदरवर झाला, १४ मे १६५७. आणि त्यांचा शेवट झाला भीमेच्या काठी तुळापूर-वढूला, ११ मार्च १६८९. म्हणजे बत्तिसावं पूर्ण व्हायला दोन महिने कमी. पुण्यात राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही पण यातली एक जागा पुण्याच्या दक्षिणेला आहे आणि दुसरी ईशान्येला, आणि दोन्ही शहरापासून तास-दीड तासावर. मधलं सगळं आयुष्य रायगड, आग्रा, जंजिरा, गोवा असं कुठे कुठे फिरून आलेलं आणि दोन टोकं मात्र आपल्या घराच्या दोन बाजूंना. ही दोन टोकं एकाच दिवशी बघायची, एवढाच प्लॅन आहे. सकाळी पाळण्याची जागा आणि संध्याकाळी समाधी. ऐकायला जरा जड वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते जडच आहे.

सिरियलचं शूटिंग इथे झालंय का? कुठला सीन कुठे झाला ते दाखवता येईल का?

नाही. सिरियलमधले महाल, दरबार, सदर हे सगळं सेट होते. पुरंदरवर जाऊन "इथे अमोल कोल्हे (सिरियलमधले शंभूराजे) उभे होते" असं काही सापडणार नाही. आमच्या ऑफिसच्या ग्रुपमधली एकजण याच आशेने आलेली आणि तासभर हिरमुसली होती, मग वरच्या दरवाजापाशी पोचल्यावर तिचं तीच म्हणाली की सेटपेक्षा हे बरं. सेट बघायचा असेल तर ही ट्रिप करू नका. ज्या जागांवर ते खरंच घडलं त्या जागा बघायच्या असतील तर या, फक्त तिथे आता दगड, झाडं, नदी आणि वारा आहे, झुंबरं नाहीत. बॅकग्राउंड म्युझिक आपल्या डोक्यात आपोआप वाजतं, त्याची काळजी नको.

रायगड का नाही घेतला यात? राज्याभिषेक तर तिथे झाला ना?

झाला, १६ जानेवारी १६८१ ला. पण रायगड पुण्याहून एका दिवसात घाईघाईत करायचा गड नाही, आणि पुरंदर-वढूच्या जोडीला तर शक्यच नाही. त्याला वेगळे दोन दिवस द्या. हेच उत्तर संगमेश्वरसाठी. १ फेब्रुवारी १६८९ ला औरंगजेबाच्या सरदार मुकर्रबखानाने महाराजांना आणि त्यांचे जिवलग साथीदार कवी कलश यांना पकडलं ते कसबा संगमेश्वर घाटाखाली रत्नागिरी जिल्ह्यात आहे, ती कोकणची ट्रिप होते.

पेडगावचा बहादूरगड मात्र खूप लोक विचारतात कारण सिरियलच्या शेवटच्या भागांमधे तो सारखा येतो. तो किल्ला श्रीगोंदा तालुक्यात भीमेकाठी आहे, आता धर्मवीरगड म्हणतात, दौंडच्या बाजूने जाता येतं, आणि पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर पडतो. पकडल्यानंतर महाराजांना तिथे औरंगजेबापुढे आणलं. आत जुनी देवळं आहेत, लक्ष्मीनारायणाचं देऊळ तर थांबून थांबून बघावं असं कोरलेलं आहे. पण तो घेतला तर पुरंदर सोडावं लागेल. मी एकदा तिन्ही एका दिवसात करायचा हट्ट केलेला आणि वढूला अंधारात पोचलो, मावशी गाडीतून उतरायलाही तयार नव्हती. परत तो हट्ट नाही.

किती किलोमीटर, किती वाजता निघायचं, कुठून कुठे?

सगळं मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास होतं, तुम्ही पुण्यात कुठे राहता त्यावर थोडं कमीजास्त. मी सातला निघते. सातारा रोडने कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, तिथून डावीकडे वळून नारायणपूर आणि वर पुरंदर. परतीला गड उतरून सासवड, दिवेघाट, मग तिथून नगर रोडला जायचं. हडपसर-खराडी-वाघोली हा सरळ रस्ता आहे पण वाघोलीचं ट्रॅफिक ज्याने भोगलंय त्याला सांगायची गरज नाही, त्यामुळे आम्ही सोलापूर रोडने थेऊर फाट्याला वळून केसनंदवरून लोणीकंदला निघतो. लोणीकंदवरून फुलगाव, तुळापूर. तुळापूर झालं की परत नगर रोडला येऊन कोरेगाव भीमा आणि तिथून आत वढू बुद्रुक.

दिवेघाट उतरताना आणि चढताना घाई करू नका, रस्त्याचं काम आणि ट्रक दोन्ही तुमची परीक्षा बघतात.

उलटं केलं तर? आधी वढू, मग पुरंदर?

करू नका. एक म्हणजे पुरंदर लष्कराच्या ताब्यात आहे आणि तिथे साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ एवढीच वेळ असते, दुपारी उशिरा पोचलात तर गेटवरून परत. दुसरं, पुरंदरचा चढ उन्हात नको. आणि तिसरं कारण माझं स्वतःचं आहे, जन्माच्या आधी समाधी बघायला मला नाही जमत.

पुरंदरला आयडी खरंच लागतं का?

लागतं, खरंच लागतं. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओरिजिनल फोटो आयडी बरोबर ठेवा. "मोबाईलमधे फोटो आहे" हे गेटवर चालेलच असं नाही. आमच्या ग्रुपमधला एक पठ्ठ्या पाकीट घरी विसरून आला आणि अख्खी सकाळ खाली नारायणपुरात चहा पीत बसला, सहा कप झाले म्हणाला. वर गेल्यावर लष्कराच्या इमारती, गेट, जवान यांचे फोटो काढायचे नाहीत. जिथे पाटी लावलीय तिथून पुढे जायचं नाही. शेजारच्या वज्रगडाकडे सहसा सोडत नाहीत, तिथे उभं राहून वाद घालून उपयोग नसतो, ती माणसं त्यांची ड्युटी करतायत.

पुरंदरवर नेमकं बघायचं काय? सगळे म्हणतात काही उरलं नाही.

असं म्हणणारे गाडी लावून, सेल्फी काढून, कणीस खाऊन परत येतात. पुरंदरचे दोन भाग धरा, खालची माची आणि वरचा बालेकिल्ला. माचीपर्यंत गाडी जाते. माचीवर पुरंदरेश्वराचं देऊळ, पेशव्यांच्या वाड्याचे अवशेष, शंभूराजांचा पुतळा, आणि बिनी दरवाजाच्या बाजूला मुरारबाजींचा पुतळा आहे. ब्रिटिश काळातल्या पडक्या चर्चचं इथे काय काम असं बरेचजण विचारतात, तर इंग्रजांनी १८१८ मधे हा गड घेतला आणि गोऱ्या सोल्जरांसाठी हवा खायची जागा केली, त्या काळातलं ते आहे.

मुरारबाजींपाशी जरा थांबा. १६६५ मधे मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी हा गड वेढला, वज्रगड आधी पडला, मग तिथून पुरंदरवर तोफा डागल्या. मुरारबाजी देशपांडे निवडक मावळे घेऊन थेट दिलेरखानाच्या अंगावर गेले आणि तिथेच पडले. त्यानंतर जूनमधे पुरंदरचा तह झाला, २३ किल्ले द्यावे लागले. आपल्याला शाळेत २३ हा आकडा पाठ करून घेतात आणि संपलं. पण सिरियल बघून गेलेल्या माणसाने इथे एक गोष्ट आठवावी, या तहात आठ वर्षांच्या शंभूराजांच्या नावाने पाच हजारी मनसब लिहिली गेली आणि तहाची हमी म्हणून त्या पोराला जयसिंगाच्या छावणीत जाऊन राहावं लागलं. ज्या गडावर जन्म झाला त्याच गडाच्या पायथ्याशी आठ वर्षांनी ओलीस. पुढच्याच वर्षी वडिलांबरोबर आग्रा. माझ्या भाच्याला तेव्हा आठवं चालू होतं, त्याला मी हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता आणि मग विचारलं "त्याची आई कुठे होती?"

तर आई नव्हती. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर गेल्या, शंभूराजे सव्वादोन वर्षांचे होते. हवा स्वच्छ असेल तर वरून केदारेश्वरापाशी उभं राहून राजगड दिसतो. मी तो बोटाने दाखवला आणि पुढे काही बोलले नाही.

वरपर्यंत चढ किती आहे? आई-बाबांना जमेल का?

माचीवरून बालेकिल्ल्याच्या सर दरवाजापर्यंत पायऱ्यांची आणि पायवाटेची चढण आहे, पाऊण तास ते तास धरा, मधे बसत बसत. दरवाजातून पुढे केदारेश्वराचं देऊळ सगळ्यात उंच जागी, त्याला शेवटी परत पायऱ्या. गुडघे दुखत नसतील आणि रोज चालायची सवय असेल तर साठीचे लोक आरामात जातात. माझी आई गेली, दोनदा थांबून आणि चारदा मला शिव्या घालून. मावशी माचीवरच बसली, पुरंदरेश्वराच्या देवळात, आणि तिला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. पाणी बरोबर घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, चप्पल घालून आलेल्या लोकांचे हाल मी डोळ्यांनी बघितलेत.

कापूरहोळला का थांबायचं? तिथे तर फक्त हायवे आहे.

मुद्दाम गाडी थांबवा असं नाही, पण जाताना गाडीतल्या सगळ्यांना सांगा की हे धाराऊंचं गाव. सईबाई आजारी होत्या, बाळाला दूध पुरत नव्हतं, तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातल्या धाराऊ पुरंदरवर आल्या आणि शंभूराजांना त्यांनी दूध पाजलं. सिरियल बघितलेल्या लोकांना धाराऊ माहीत असतात पण हे गाव आपण सातारा रोडने जाताना दर वेळी ८० च्या स्पीडने मागे टाकतो हे बहुतेकांना माहीत नसतं. आई तर एकदम म्हणाली "हेच का ते", आणि खिडकीची काच खाली केली.

जेवायचं कुठे?

नारायणपुरात किंवा सासवडला. पिठलं, भाकरी, ठेचा, भरलं वांगं सगळीकडे मिळतं, हॉटेलचं नाव मी सांगणार नाही कारण मला आवडलेलं तुम्हाला आवडेल असं काही नाही आणि मग मला फोन येतात. पुरंदर तालुका सीताफळ आणि अंजिरांचा आहे, सीझन असेल तर रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेले शेतकरी दिसतात, त्यांच्याकडून घ्या. पुढे तुळापूर-वढूच्या बाजूला दुपारी उशिरा पोचता तेव्हा जेवण आधीच उरकलेलं बरं.

जाताच आहोत तर जेजुरी, नारायणपूरचं दत्तमंदिर, बालाजी पण करून टाकू का?

"करून टाकू" हा शब्दच मला खटकतो, पण असो. नारायणपूर रस्त्यातच आहे, एकमुखी दत्ताचं दर्शन घ्या आणि शेजारचं नारायणेश्वराचं यादवकालीन देऊळ अजिबात चुकवू नका, लोक दत्ताच्या रांगेतून थेट गाडीत बसतात आणि हे बाजूलाच उभं असलेलं कोरीव दगडी देऊळ बघतच नाहीत. मात्र गुरुवारी आणि पौर्णिमेला नारायणपुरात पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी ही ट्रिप नको. केतकावळ्याचा बालाजी आणि जेजुरी, दोन्ही वेगळ्या दिवसासाठी ठेवा. खंडोबाला घाईत जाऊन भंडारा उधळून पळत येण्यात मजा नाही.

तुळापूरला काय आहे?

नदी. आधी नदी बघा. भीमा आणि इंद्रायणी इथे मिळतात, गावातले लोक भामेचंही नाव घेतात आणि त्रिवेणी संगम म्हणतात. काठावर संगमेश्वराचं जुनं देऊळ आहे, घाट आहे, शंभूराजांचं स्मारक आणि पुतळा आहे. पावसाळ्यानंतर पाणी भरपूर असतं आणि संध्याकाळी ऊन तिरपं झालं की ती जागा इतकी शांत आणि सुंदर दिसते की इथे काय झालं ते आठवून अस्वस्थ व्हायला होतं. मला हेच या ट्रिपमधलं सगळ्यात अवघड वाटतं. सिरियलमधे त्या भागांना काळोख होता, मशाली होत्या, संगीत होतं. इथे बगळे उडत असतात आणि लहान मुलं पाण्यात दगड मारत असतात.

गावाच्या नावाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती मुलांना फार आवडते. आधी याचं नाव नागरगाव होतं. १६३३ मधे शहाजीराजे आणि आदिलशाहीतले मुरार जगदेव इथे आलेले आणि हत्तीच्या वजनाएवढं दान करायचं ठरलं, पण हत्ती तोलायचा कसा, तर हत्तीला नावेत चढवलं, नाव जिथपर्यंत बुडाली तिथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल एवढे दगड भरले आणि ते दगड तोलले. तुला झाली म्हणून तुळापूर. ज्या संगमावर आजोबांनी तुलादान बघितलं तिथेच ५६ वर्षांनी नातवाला मारलं. हा योगायोग सिरियलने वापरला असता तर आपण म्हटलं असतं की लेखकाने ताणलंय.

खरी जागा कुठली, तुळापूर की वढू?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज बदलतो, जणू मी निकाल देणार आहे. साधं उत्तर असं की हत्या तुळापूरशी जोडलेली आहे आणि अंत्यविधी व समाधी वढू बुद्रुकला आहे. दोन्ही ठिकाणं जवळजवळ आहेत, दोन्हीकडे जायचं. वढूला महाराजांच्या समाधीबरोबर कवी कलशांचीही समाधी आहे, ती बघितल्याशिवाय निघू नका, कारण शेवटपर्यंत साथ न सोडलेला माणूस तो. आणि गोविंद गोपाळ (महाराजांचा अंत्यविधी यांनी केला असं अनेकजण मानतात) यांची समाधीही वढूतच आहे, तिथेही जाऊन या. अंत्यविधी कोणी केला यावरून बरेच वाद झालेले आहेत, पण पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने समाधीपाशी उभं राहून ते उकरू नयेत असं माझं मत आहे. डोकं टेकवावं, शांत बसावं, निघावं.

लहान मुलांना वढूला न्यावं का? त्यांना काय सांगायचं?

नेते मी. पण सगळं सांगत नाही. सोशल मीडियावर छळाची वर्णनं चवीने फिरवतात तसं तर मुळीच नाही. महिनाभराहून जास्त कैदेत होते, झुकले नाहीत, म्हणून मारलं, एवढं आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुरतं. मोठी झाली की वाचतील. उलट मुलांना त्यांचं जगणं सांगा, संस्कृतमधे 'बुधभूषण' लिहिणारा राजपुत्र, वडील वारल्यावर गादीसाठी घरातच संघर्ष, चोविसाव्या वर्षाच्या आतच राज्याभिषेक, आणि मग औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरलेला असताना त्याच्यासह जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे पोर्तुगीज अशा सगळ्या बाजूंनी आठ-नऊ वर्षं लढणं. नाशिकजवळचा रामसेज तर मुघलांना वर्षानुवर्षं घेता आला नाही, ही गोष्ट सांगितली की मुलं खूश.

सिरियलमधलं किती खरं मानायचं?

घटनांचा सांगाडा खरा. संवाद लेखकाचे. हे लक्षात ठेवलं की भांडणं होत नाहीत. मला सिरियल मनापासून आवडलेली आहे, शंतनू मोघे आणि कोल्हे यांचे बाप-लेकाचे सीन बघताना आई आणि मी दोघी रडलोय, प्राजक्ता गायकवाडची येसूबाई तर अजून डोळ्यापुढे आहे. पण टीव्हीला रोज अर्धा तास भरायचा असतो त्यामुळे कारस्थानं लांबतात, एखादा डोळे वटारलेला क्लोजअप तीन वेळा येतो, आणि हळूहळू आपल्याला वाटायला लागतं की महाराजांचं निम्मं आयुष्य दरबारातले विरोधक अण्णाजी दत्तो यांच्याशी बोलण्यात गेलं.

एक गोष्ट मात्र सिरियलने मोठी केली आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. शंभूराजांची बदफैली, बेजबाबदार अशी प्रतिमा पिढ्यान्पिढ्या नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून रंगवली गेली होती. ती पुसायचं अवघड काम आधी अभ्यासकांनी केलं, वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० मधे चरित्र दिलं. पण ते चरित्र माझ्या आईपर्यंत पोचलं नव्हतं. सिरियल पोचली. ज्या बाईला आधी फक्त "पकडले गेले आणि हाल करून मारलं" एवढंच माहीत होतं ती आता बुऱ्हाणपूरच्या लुटीचं वर्ष सांगते, १६८१.

तरी पुरंदरवर उभं राहून कोणी "सिरियलमधे तर असं दाखवलेलं" म्हणून तिथल्या माहितीफलकाशी भांडायला लागलं की मी लांब जाऊन उभी राहते.

कधी जावं आणि कधी अजिबात जाऊ नये?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात पुरंदर हिरवागार आणि धुक्यात असतो पण मग वरून काहीच दिसत नाही आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. एप्रिल-मे मधे दुपारी तुळापूर भाजून काढतं.

टाळायचे दिवस लिहून घ्या. आषाढी वारीत माऊलींची पालखी दिवेघाटातून सासवडला जाते त्या दिवशी घाट गाड्यांना बंद असतो. १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला प्रचंड संख्येने लोक येतात आणि नगर रोडची वाहतूक वळवतात, त्या दिवशी वढू-तुळापूरचा प्लॅन नको. फाल्गुन अमावास्येला, म्हणजे गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, बलिदान दिनाला वढू-तुळापुरात मोठी गर्दी असते. त्या दिवशी मुद्दाम जाणारे जातात, त्यांची गोष्ट वेगळी, पण निवांत बघायचं असेल तर दुसरा दिवस निवडा. १४ मेला पुरंदरवरही तसंच. २०२५ मधे हिंदी पिक्चर आल्यापासून तर रविवारीही गर्दी वाढलीय, त्यामुळे जमत असेल तर सुट्टी टाकून मधल्या वारी जा.

गाडी नाही, बसने होईल का?

अर्धं अर्धं होईल. सासवडपर्यंत पीएमपी आणि एसटी दोन्ही मिळतात, पुढे नारायणपूर आणि तिथून गडापर्यंत जीप किंवा पाय. नगर रोडवर कोरेगाव भीमापर्यंत बस आहे, तिथून आत वढूसाठी रिक्षा. पण दोन्ही टोकं एका दिवसात बसने करायची म्हणजे दिवस स्टॉपवर उभं राहण्यात जाईल. दोन वेगवेगळे दिवस करा, किंवा चार-पाच जण मिळून गाडी ठरवा आणि ड्रायव्हरकाकांना आधीच सांगा की पुरंदरला तीन तास थांबायचंय, नाहीतर ते अकरा वाजल्यापासून हॉर्न वाजवतात.

सिरियल बघितलीच नाहीये, तर मजा येईल का?

येईल. एकदा जाऊन या आणि मग झी फाईव्हवर बघा, उलट्या क्रमाने पण चालतं. सगळे भाग बघायला मात्र अख्खा उन्हाळा लागेल, २०१७ च्या सप्टेंबरपासून अडीच वर्षं चाललेली सिरियल आहे ती.

रील काढायला चालेल का? घोषणा द्यायच्या का?

पुरंदरवर लष्कराच्या नियमात बसेल ते करा. वढूच्या समाधीपाशी, प्लीज, ड्रोन, नाच, स्लो मोशन एन्ट्री यातलं काही नको. घोषणा एकदा मनापासून द्या आणि थांबा. मागच्या वेळी एक ग्रुप वीस मिनिटं एकच घोषणा वेगवेगळ्या अँगलने शूट करत होता आणि एक म्हातारे आजोबा हार घेऊन मागे ताटकळत होते, शेवटी आईच पुढे गेली आणि "बाळांनो, बाजूला व्हा" म्हणाली. झाले.

येसूबाईंचं पुढे काय झालं? त्यांची काही जागा आहे का?

हा प्रश्न परतीच्या गाडीत येतोच येतो, सिरियल जिथे संपते तिथून पुढचा. महाराज गेल्यावर काही महिन्यांतच, १६८९ च्या नोव्हेंबरात, झुल्फिकारखानाने रायगड घेतला आणि येसूबाई व लहानगे शाहू मुघलांच्या कैदेत गेले. शाहू १७०७ मधे सुटले. येसूबाई १७१९ मधे. तीस वर्षांची कैद. "श्री सखी राज्ञी जयति" असा शिक्का जिच्या नावाचा, त्या बाईची समाधी साताऱ्याजवळ माहुलीला आहे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. परत एक संगमच. सकाळी लवकर निघालात तर पुण्याहून दुपारपर्यंत जाऊन येता येतं.

घरी यायला किती वाजतात?

वढूहून साडेसहाला निघालो तर वाघोली पार करून आठ-साडेआठ. रात्रीचा स्वयंपाक करायचं त्राण नसतं, आधीच खिचडीचं काहीतरी बघून ठेवा. गाडीत परतताना फारसं कोणी बोलत नाही, गाणी लावली तरी कोणीतरी बंद करतं.